वाचून दाखवला, बरोबर आहे

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलेला एक अर्ज गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आला. माहितीच्या अधिकारातला. असे अर्ज आमच्याकडे रोज येतात. कुणाला सोसायटीच्या निवडणुकीचे कागद हवे असतात, कुणाला शेजाऱ्यावरचा राग काढायचा असतो. या अर्जात एकच प्रश्न होता. ‘माझ्याविरुद्धच्या अवैध सावकारीच्या चौकशीवर शासनाने, म्हणजे जनतेच्या पैशातून, एकूण किती खर्च केला याचा तपशील मिळावा.’ खाली सही होती ज्याच्या घरावर आम्ही धाड टाकली होती त्या शेठची.

मी अर्ज दोनदा वाचला. आधी हसू आलं, मग राग आला. तो राग अजून गेलेला नाही. त्यातला शेठवर किती आणि माझ्यावर किती, एवढं मात्र कुणी अजून माहितीच्या अधिकारात विचारलेलं नाही.

मी सरकारी नोकर आहे. आमच्या सहकार खात्याकडे मुख्यतः दोन भानगडी असतात, सोसायट्या आणि सावकार. आधीची सात वर्षं मी शहराच्या बाजूला काढली. तिथे वाकडच्या उंच इमारतींतली माणसं लिफ्टच्या देखभालीवरून आणि कुत्र्यांवरून भांडत यायची, आणि भांडण रंगलं की इंग्रजीत शिरायची. मग बदली झाली चाकणच्या बाजूला, तालुक्याच्या कार्यालयात. घर मोशीत, त्यामुळे रोज कंटेनरच्या रांगेत दुचाकी घालून जायचं आणि तसंच परत यायचं. पहिल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं, ‘इथं सोसायट्या झोपलेल्या आहेत, सावकार जागे आहेत.’ मला ते भारी वाटलं होतं. वाटलं, आता काहीतरी खरं काम करायला मिळेल.

कायदा चांगला आहे, हे मी आजही म्हणतो. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा गुन्हा आहे. व्याजाच्या पैशापोटी कुणी कुणाची जागा लिहून घेतली असेल, तर ते खरेदीखत रद्द करून जागा मूळ मालकाला परत देता येते. एवढी ताकद फार कमी कायद्यांत आहे. पण सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे, तो म्हणजे व्याज. व्याज नसेल तर सावकारी नाही. मैत्रीत, नात्यात, शेजारात दिलेले बिनव्याजी पैसे, म्हणजे हातउसने, या कायद्याच्या बाहेर राहतात.

आता हा शब्द बघा. उसनं म्हणजे शेजारून आणलेली वाटीभर साखर. वाटीभर आणायची, वाटीभरच परत द्यायची, फार तर जरा शिगोशिग. पण आमच्या बाजूला माणूस महिना दहा टक्क्यांनी पैसे उचलतो आणि तरी म्हणतो, ‘हातउसने घेतलेत.’ कर्ज काढलं म्हणायची लाज वाटते. कर्ज बँकेचं असतं, त्याला पाटी असते, टाय लावलेला माणूस असतो. गल्लीतल्या माणसाकडून घेतलेले ते हातउसने. माझी आई पिंपरीच्या चाळीत असंच म्हणायची. वडिलांची कंपनी बंद पडली तेव्हा तिनं कुणाकुणाकडून घेतलं आणि किती वर्षं फेडलं हे आम्हाला नंतर कळलं, पण तिच्या तोंडून ‘व्याज’ हा शब्द मी कधीही ऐकला नाही. ते देणं ‘महिन्याचं’ असायचं. ‘महिन्याचं देऊन आले,’ एवढंच ती म्हणायची आणि विषय मिटायचा.

हे मी आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला मी कारणं शोधतोय असं तुम्हाला वाटेल. मी शोधतोच आहे.

ती बाई पहिल्यांदा आली ती कंपनीच्या राखाडी ॲप्रनमध्ये. मूळची बीडकडची. वायरी जोडायच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होती, गाड्यांच्या आत जे वायरींचं जाळं असतं ते ती हातानं बांधायची. नवरा तळवड्यात पत्रा कापायच्या प्रेसवर होता. प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर तक्रार करू नका म्हणून बजावलं, आणि बोटांबरोबर नोकरीही गेली. घर चालवायला तिनं शेठकडून ऐंशी हजार घेतले. शेठनं तिचं एटीएम कार्ड ठेवून घेतलं. दर महिन्याच्या सात तारखेला पगार जमा झाला की शेठचा माणूस पाच हजार काढून घ्यायचा आणि उरलेले तिच्या हातात द्यायचा. शिवाय तिच्या नावावर एक गुंठा जागा होती, त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या. दहा वर्षं भिशी लावून आणि ओव्हरटाइम करून तिनं ती घेतली होती. शेठनं तिचं खरेदीखत स्वतःच्या नावावर करून घेतलं. ‘नावापुरता कागद,’ असं तो म्हणाला होता. चौदा महिन्यांनी त्यानं निरोप पाठवला की जागा रिकामी करा.

तिला पैसे नको होते, शेठला तुरुंगही नको होता. ‘माझा गुंठा माघारी द्या, साहेब,’ एवढंच ती म्हणत होती. तो देता येईल असा कायदा आमच्याकडे आहे, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पदर सावरून मला नमस्कार केला. मला बरं वाटलं. वीस वर्षांच्या नोकरीत मला असा नमस्कार फार कुणी केलेला नाही.

मग मी तिचा जबाब घेतला.

जबाब कसा घ्यायचा याचं मला वेड होतं. माझ्या आधीच्या माणसानं एका प्रकरणात सात जणांचे जबाब शब्दाला शब्द सारखे लिहिले होते. साच्यातून काढल्यासारखे. शेतमजूर, रिक्षावाला, विधवा बाई, सगळे म्हणत होते, ‘सदर इसमाने माझ्या आर्थिक विवंचनेचा गैरफायदा घेऊन.’ समोरच्या वकिलानं ते जबाब मोठ्यानं वाचून दाखवले आणि सगळे हसले. प्रकरण तिथेच मेलं. तेव्हापासून मी ठरवलं होतं की माणूस बोलेल तसंच लिहायचं, आपली मराठी त्यात घुसडायची नाही. याचा मला अभिमान होता. नवीन पोरांना मी तेच शिकवायचो.

ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. ‘म्या शेठकडून ऐंशी हजार हातउसने घेतले.’ मी लिहिलं, हातउसने घेतले. ‘दर महिन्याला त्ये पाच हजार काढून घेतेत, महिन्याचे.’ मी लिहिलं, महिन्याचे म्हणून काढून घेतात. माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. कसं खटकणार? ती माझ्या आईचीच भाषा होती. महिन्याचे म्हणजे व्याजाचे, हे मला इतकं ठाऊक होतं की ते कागदावर नाही हेच दिसलं नाही.

दोन वाजत आले होते. तिची दुसरी पाळी होती आणि कंपनीची बस चाकणच्या चौकातून पावणेतीनला सुटायची. बस चुकली की खाडा, आणि एक खाडा पडला की महिन्याचा हजेरी बोनसही जातो. ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. जबाबाच्या शेवटी एक वाक्य असतं, ते मी हजारदा लिहिलं असेल: ‘माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ ते लिहिलं, कागद तिच्याकडे फिरवला, बोट ठेवून जागा दाखवली. तिनं भराभर सही केली आणि पळाली. मी वाचून दाखवला नव्हता. बस तिची चुकत होती हे खरं, पण माझा डबाही उघडायचा राहिला होता, हेही तेवढंच खरं.

धाड टाकली ती एका मंगळवारी सकाळी. आमच्या कार्यालयातले साहेबांसह सहा जण, पोलीस पाच, त्यात दोन महिला शिपाई, दोन सरकारी पंच, एक कृषी खात्यातले आणि एक बांधकामातले, आणि एक व्हिडिओवाला. तो एरवी लग्नं शूट करायचा, त्यामुळे सारखा म्हणायचा, ‘जरा इकडं बघा.’ तीन गाड्या. शेठचा बंगला तळेगावच्या रस्त्याला, आजोबांची जमीन कारखान्यांत गेली त्या पैशातून बांधलेला. शेठ पायरीवरच उभा होता. पांढरा सदरा, हातात मोबाइल.

‘या साहेब. घर तुमचंच हाय,’ तो म्हणाला. ‘बगा काय बगायचं त्ये. पर चहा घेतल्याबिगर आमी जाऊ देनार न्हाई.’

आम्ही चार तास शोधलं. गाद्या उलटल्या, धान्याच्या कोठ्यांत हात घातले. शेवटी देवघराच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात एटीएम कार्डं होती, छप्पन्न, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबर लावून. प्रत्येकावर पांढरी पट्टी आणि पट्टीवर चार आकडी पिन, स्वच्छ अक्षरात. आता सुटत नाही हा, असं मला वाटलं.

शेठनं डब्याकडे नुसतं बघितलं. ‘लोकं बारीक जागेत ऱ्हातात, साहेब. हरवतं त्यांचं. माझ्याकडं ठेवत्यात इस्वासानं.’

‘आणि पैसे देता ते?’

‘आडीनडीला देतो की. हातउसने. शेजारधर्म हाय, आपन न्हाई देनार तर कोन देनार? सरकार?’

व्हिडिओवाला हसला. त्याचं हसणं रेकॉर्डिंगमध्ये आहे, मी नंतर ऐकलं. आम्ही कार्डं कापडात गुंडाळली, लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या. परत येताना साहेब खूश होते. मीही होतो. रस्त्यात थांबून आम्ही वडापाव खाल्ला.

ही खुशी टिकली सात तारखेपर्यंत. त्या दिवशी सकाळी मी कार्यालयात पोहोचलो तर आवारात चाळीसेक माणसं उभी होती, कंपन्यांच्या रंगीबेरंगी शर्टांत, गळ्यात ओळखपत्रं. मला वाटलं, जबाब द्यायला आलीत. अंगावर मूठभर मांस चढलं. मी शिपायाला खुर्च्या लावायला सांगितल्या.

‘साहेब, पगार झालाय,’ पुढचा एक जण म्हणाला. ‘कार्ड द्या.’

मी समजावलं. ही कार्डं पुरावा आहेत, तुमच्याच भल्यासाठी जप्त केलीत, बँकेत जाऊन नवीन मागा. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘बँक पंधरा दिवस लावती. शेठ येका दिवसात देतो. आधी जेवढं कापायचा तेवढं कापायचा, पर बाकीचे तरी हातात यायचे. तुमी तर समदेच अडकवले. घरभाडं तुमी भरता का राव?’

मागून कुणीतरी शिवी दिली. ती शेठला नव्हती. आम्ही त्यांना सोडवायला गेलो होतो आणि ती माणसं आमच्या दारात शिव्या देत उभी होती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला त्यांचा संतापच आला. मेल्यांनो, असं मनात म्हणालो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, इथे पाणी कुठे मिळेल, आणि आमचा कूलर बंद होता. मग मी खाली मान घालून आत गेलो.

चार दिवसांत वरून आदेश आला, कार्डांची नोंद करून, लिहून घेऊन परत द्या. देताना प्रत्येकाचा जबाब घ्यायचा होता. मी विचारायचो, पैसे कसे घेतले? ‘हातउसने.’ व्याज किती? ‘व्याज न्हाई, साहेब. हातउसने.’ पंचावन्न माणसं, पंचावन्न वेळा तोच शब्द. काही लाजेनं म्हणत होते, काही भीतीनं. बाकीच्यांना शेठनं पढवून पाठवलं असणार, कारण ते मी विचारायच्या आधीच म्हणत होते. कार्ड खिशात घालून ते बाहेर पडायचे. फाटकाबाहेर शेठचा माणूस मोटारसायकलवर बसलेला असायचा.

छप्पन्नावं कार्ड तिचं होतं. तिनं ते घेतलं आणि फाटकातल्या माणसाच्या समोरून सरळ निघून गेली. एकटी तीच.

प्रकरण जिल्ह्याच्या साहेबांपुढे लागलं, पुण्यात. अकरा तारखा पडल्या. त्यातल्या चार तारखांना साहेब निवडणुकीच्या कामावर होते आणि ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. प्रत्येक तारखेला आमची जीप, डिझेल, ड्रायव्हर, मी, फायलींचे दोन गठ्ठे. सरकारी वकील. शेठचा वकील त्याच्या गाडीतून यायचा. ती चाकणहून दोन बस बदलून यायची, पहिली पाळी बुडवून, त्याच ॲप्रनमध्ये, कारण उशिरा का होईना पाळीवर जाता येईल अशी तिला आशा असायची. एकदाही जाता आलं नाही. व्हरांड्यात बाकावर ती पिशवी मांडीवर घेऊन बसायची. मला बघून उठायची. मी म्हणायचो, ताई बसा.

सातव्या तारखेला शेठचा वकील उठला आणि तिचा जबाब त्यानं हातात घेतला. ‘यात व्याज हा शब्द कुठे आहे, तेवढं दाखवा,’ तो शांतपणे म्हणाला. सरकारी वकिलानं पान उलटलं, पुन्हा सुलटलं. मी माझ्या जागेवरून ते पान बघत होतो आणि तो शब्द तिथे नव्हता. ‘अर्जदार स्वतः म्हणतात, हातउसने. चौदा महिने दरमहा पाच हजार, म्हणजे सत्तर हजारांची परतफेड. दहा हजार अजून बाकी आहेत, ते माझे अशील माणुसकीनं मागत नाहीत. जागेचा व्यवहार वेगळा. सावकारी आहे कुठे?’

ती उभी राहिली. ‘साहेब, त्ये महिन्याचे म्हंजे व्याजाचेच,’ ती म्हणाली. ‘आमी तसंच म्हणतो.’

‘आता सुचतंय,’ वकील म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. जबाब तुम्हीच नोंदवला? मी म्हणालो, होय. त्या सांगतील तसाच लिहिला? होय. नोंदवून झाल्यावर त्यांना वाचून दाखवला?

नाही म्हटलं असतं तर तो जबाब बाजूला पडला असता. पुन्हा घ्यावा लागला असता, आणि या वेळी तिनं व्याज म्हटलं असतं, मी व्याज लिहिलं असतं. तिचा गुंठा वाचण्याची तेवढी एक वाट होती. आणि माझी खातेनिहाय चौकशी लागली असती, खोटी नोंद केली म्हणून. बढतीच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. ती यादी निघायची होती पुढच्या महिन्यात.

‘होय,’ मी म्हणालो. ‘वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाल्या.’

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खाली बसली आणि पिशवीचे बंद नीट करत राहिली.

निकाल अडीच पानांचा आला. ‘अर्जदाराच्या स्वतःच्या जबाबात सदर रक्कम हातउसने असल्याचे नमूद असून, सदर जबाब अर्जदारास वाचून दाखविल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने शपथेवर सांगितले आहे. सबब अर्ज फेटाळण्यात येतो.’ त्या निकालात एकमेव साक्षीदार कामाला आला तो मी. महिनाभरात शेठनं खोल्यांना कुलूप लावलं. ती आळंदीच्या बाजूला एका खोलीत भाड्यानं राहायला गेली. माझी बढती झाली. घरी पेढे आणले, मी खाल्ला नाही असं मला लिहायला आवडलं असतं, पण मी दोन खाल्ले.

आणि त्यानंतर शेठचा तो अर्ज आला, किती खर्च झाला म्हणून. आमच्या साहेबांनी तो माझ्याचकडे पाठवला, कारण फाइल मला तोंडपाठ होती. मी तीन दिवस बसून तपशील काढला. डिझेल. व्हिडिओवाला. पंचांचा प्रवासभत्ता. लाख आणि सीलचं कापड. पंचावन्न जबाबांच्या झेरॉक्स, तीन प्रतींत. टपाल. सरकारी वकिलाची फी. पोलिसांचा बंदोबस्त त्यांच्या खात्याकडून विचारून घेतला. बेरीज आली एक लाख बारा हजार चारशे. म्हणजे शासनानं पहिल्याच दिवशी त्या बाईच्या हातात ऐंशी हजार ठेवून शेठच्या तोंडावर मारायला सांगितले असते, तर बत्तीस हजार चारशे वाचले असते आणि तिचा गुंठाही राहिला असता.

तपशिलाच्या शेवटी मी एक ओळ घातली होती: मूळ प्रकरणातील अर्जदार महिलेचे बुडालेले रोज, अकरा, आणि तितक्या महिन्यांचा हजेरी बोनस. साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. ‘हा शासनाचा खर्च नाही,’ ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. ती जनता असेल, पण तिचा पैसा जनतेचा पैसा नव्हता. माझ्या ‘होय’चीही ओळ त्यात नव्हती, पण ती मी घातलीच नव्हती.

शेठनं माझं उत्तर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. ‘एका निरपराध माणसाच्या बदनामीसाठी जनतेच्या पैशाची उधळपट्टी.’ खाली माझी सही असलेलं पान. आमच्या शिपायानं मला ते मोबाइलवर दाखवलं. लोकांनी हात जोडले होते, अंगठे दाखवले होते. त्यातले काही अंगठे त्या छप्पन्नातल्यांचे असणार. बेरजेत एका पैशाची चूक कुणाला काढता आली नाही.

पुढे दोन आठवड्यांनी ती आली. दुपारची वेळ, कार्यालयात बाकी सगळे जेवायला गेलेले. तिला अपील करायचं होतं. पुण्यात कुणीतरी फुकट वकील मिळवून दिली होती आणि त्या वकिलीणबाईंनी सगळ्या फाइलच्या नकला मागितल्या होत्या. मी पानं मोजली, नकलेची फी काढली. तीनशे चाळीस झाले. तिनं पिशवीतून पैसे काढले, दहा-वीसच्या नोटा, आणि टेबलावर मांडल्या. दोनशे साठ होते. ती पुन्हा पिशवीत हात घालून चाचपायला लागली.

‘राहू द्या, ताई,’ मी पाकीट काढत म्हणालो. ‘उरलेले मी घालतो. जमेल तेव्हा द्या.’

तिचा हात पिशवीतच थांबला.

‘म्हंजे हातउसने?’ ती म्हणाली.

मी पाकिटातून ऐंशी रुपये काढून तिच्या नोटांशेजारी ठेवले.

‘नको, साहेब. व्याजानं द्या. आन् तसं कागदावर लिवा.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी कदाचित चिडलो असतो, साहेबासारखा वागलो असतो. ती एखाद्या दुकानात पावती मागावी तशी मागत होती. मी कोरा कागद घेतला. ऐंशी रुपये, असं लिहिलं. व्याजाने, असं लिहिलं. किती व्याज, म्हणून विचारलं, कारण या खेपेला विचारायचं मला सुचलं. ती म्हणाली, महिना एक रुपया. तेही लिहिलं. हाताला सवय, त्यानं शेवटचं वाक्यही उतरवलं: वाचून दाखवला, बरोबर आहे. ते माझं मलाच दिसलं तेव्हा कान तापले. निदान या वेळी खरं करावं म्हणून मी कागद उचलला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

तिनं हात पुढे करून कागद माझ्या हातातून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ न हलवता, सावकाश. मग सही केली.

‘मला वाचता येतं, साहेब,’ ती म्हणाली. ‘तवाबी येत व्हतं.’